पत्रिकेतली इंग्रजी ओळ

कोऱ्हाळ्याच्या दत्तोबाची जीप दारात थांबली तवा मी मांडवाखाली गहू पाखडत व्हते. हळद उद्यावर आलेली. म्हनलं व्याही आलाय, उठावं, पानी द्यावं. तर ह्या बाबानं पायतानासकट वट्यावर पाय दिला आन् लग्नाची पत्रिका माझ्या सुपात भिरकावली.

"वाचा! काय छापलंय ते वाचा!"

मी दगडाबाई, सहीला अंगठा लावनारी. मी काय वाचनार, डोंबल! पर कशावरनं पेटलाय ते मला ठावं व्हतं. माझी भाची रोहिणी, भावाची आईवेगळी पोर, मीच वाढवलेली. बारामतीच्या कालिजात बी.ए.ला जाती. तिनं पत्रिकेत खाली एक इंग्रजी ओळ घातली व्हती, 'फिंगर्स इंटरट्वाइन्ड, वुई वॉक इन्टू अ न्यू लाइफ.' आमच्या उभ्या निरवांगी गावात कुनाच्या पत्रिकेवर इंग्रजी न्हवतं. माझा भाऊ तात्याबा, जल्मभर मेंढरामागं फिरलेला. त्यानं पारावर बसून ती ओळ येनाऱ्या-जानाऱ्याला दावली. पहिली पत्रिका हळद-कुकू लावून बिरोबाम्होरं ठिवली, मग गावात वाटल्या. अर्थ कुनी इचारला न्हाय.

दत्तोबानं इचारला. कुन्या कारकुनानं त्याला सांगितलं, बोटात बोटं गुतवून आमी नव्या संसारात चाललो, असं लिवलंय म्हून.

"लगीन व्हायच्या आदी बोटं गुतली कुठं?" तो घरातनं भाईर आलेल्या माझ्या भावावर खेकसला. "कालिजात हेच शिकती व्हय तुमची पोरगी? भावकीत मला तोंड दावाय जागा ठिवली न्हाय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेंढरं इकून ऊस लावला तवापासनं ह्या मानसाची मान खाली वाकतच न्हाय.

"ओ व्याही," मी म्हनलं, "तिच्या वरची मराठी ओळ न्हाय का दिसली? 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे.' गुरवानं काल देवळात मोठ्यांदा वाचलीया. त्ये बापजाद्यापासनं चालतंय, आन् पोरीनं नुस्ता हात म्हनला तर तुमची अब्रू गेली?"

मांडव घालनारी मानसं फिसकन हसली. दत्तोबा लालबुंद झाला.

"ती रीत हाय, बाई! आन् बायामानसांनी मधी बोलू न्हाय."

"मग पत्रिका बायामानसाच्या सुपात कशाला टाकली?"

त्यानं माझ्याकडं पाठ फिरवली. "तात्याबा, सरळ सांगतो. वाटलेल्या पत्रिका घरोघर जाऊन गोळा करा. पोरीनं चार लोकांत माझ्या पायावर डोकं ठिवायचं. आन् तिचं कालिज आजपासनं बंद. न्हायतर आमी हितनंच परत."

"पाव्हणं, बिरोबाम्होरली कशी उचलू?" तात्याबा हात जोडून म्हनला. उद्या हळद, आन् आज मोडलं तर पोरीला पुन्ना कोन पदरात घेनार, हेच त्याच्या डोक्यात. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं आन् दत्तोबाच्या पायाकडं वाकला. मला तर भावाचाच राग आला. कुनाम्होरं वाकतोयस रं!

"आबा, थांबा."

रोहिणी दारात उभी. अंगावर घरातलीच साडी, हातात हिरवा चुडा.

"मामंजी, ओळ मी लिवली. पर लिव म्हनलं कुनी, ते ह्यांनाच इचारा," तिनं जीपकडं बोट केलं. नवरामुलगा सूरज तितं म्होरल्या शिटावर बसला व्हता. "बारामतीत स्टँडाजवळच्या रसवंतीत ह्यांनी माझा हात धरला, बोटात बोटं घालून. म्हनले, हे असंच इंग्रजीत लिव, मित्रांना दावतो."

समद्यांची नजर जीपकडं गेली.

"मी?" सूरज म्हनला. "मी हिला बघायला आलो तवा बघितली, आन् साखरपुड्याला. बास. हात कसला आन् रस कसला!"

अरं खोटारड्या! तोंडात आलेली शिवी मी गिळली, पोरीकडं बघून. तिच्या डोळ्यात पानी न्हाय, काय न्हाय. ती पायरी उतरली, जीपपाशी गेली आन् तिनं हात म्होरं केला.

"मग आत्ता धरा. समद्यांसमोर. धरलात तर मामंजींच्या पायावर डोकं ठिवते, कालिज सोडते, घरोघर जाऊन पत्रिकाबी मीच आनते."

एवढं बोलली पोर. सूरजनं तिच्या हाताकडं बघितलं, मग बापाकडं.

"सूरज, गप बस," दत्तोबा म्हनला.

आन् तो गप बसला. आमीच साखरपुड्यात घातलेली अंगठी बोटात फिरवत, खाली मान घालून.

पोरीचा हात तसाच म्होरं. ती काय मागं घेईना. मांडवावरची मानसं बांबू धरून नुस्ती बघत राह्यली. मला बघवंना. गुडघ्यावर हात टेकून मी उठाय लागले, तर माझ्या आदी तात्याबा गेला. लेक शानी झाल्यापासनं त्यानं तिला कदी हात लावला न्हवता, आमच्यात लावत न्हाईत. बोडक्या डोक्यानं तो तितं गेला आन् कोकरू धरावं तसा त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. समद्या गावाम्होरं. तवा कुठं पोर ढसाढसा रडली. मीबी रडले.

"दत्तोबा," माझा भाऊ म्हनला, पाव्हणं न्हाय, नुस्तं दत्तोबा, "जीप वळवायला पलीकडं जागा हाय."