चार फॅदम पाणी

शंभर वर्षांपूर्वीच्या मोजणीच्या वहीत जुन्या धक्क्याशी चार फॅदम पाणी लिहिलं होतं. एक फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजे एकूण सव्वासात मीटरच्या वर. आज यंत्र सांगत होतं सहा मीटर. सव्वा मीटर गाळ साचलाय, धक्का बंद करा, असा अहवाल बंदराच्या मोजणी खात्यात तयारही झाला होता. साहेबांची सही तेवढी राहिली होती. मामाची मासेमारीची बोट त्याच धक्क्याला लागायची, दुसरीकडे जागाच नव्हती. खात्यात नव्याने लागलेल्या भाचीच्या गळी तो अहवाल काही उतरेना.

तिने शब्दकोश काढला. फॅदम, हजार वर्षांहून जुना इंग्रजी शब्द. मुळात ते माप नव्हतंच. कवेत घेणारे दोन हात, एवढाच अर्थ. पुढे पसरलेल्या हातांत मावेल तेवढा दोर, मग पाण्याची खोली, आणि शेवटी एखाद्या गोष्टीचा थांग लागणं. सहा फूट ठरले ते नंतर.

संध्याकाळी ती टेप घेऊन बोटीवर गेली. "मामा, हात पसर बरं."

"आज एवढं प्रेम कशाला उतू चाललंय?"

एक मीटर अठ्ठ्याहत्तर.

"हा आमचा वाव," मामा म्हणाला. "दोर मापायला उंच माणूस बसवायचा. खोली कमी भरली तर बोट वाचते. बुटक्याने मापलं की वाव जास्त भरतात आणि बोट बसते खडकावर."

खडक! खडकाचा माथा शंभर वर्षांत हलत नाही. दुसऱ्या दिवशी तिने वहीतले चार खडक शोधले. पहिल्यावर ओहोटीला तीन फॅदम. आज साडेचार मीटर. उरलेल्या तिन्हींचंही तेच, फॅदमला दीड मीटर, थोडं इकडेतिकडे.

तिने आकडे पुढे ठेवले तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोर कोणी मापला, ते खडक सांगतात होय?"

"नाव नाही सांगत, सर. हात आखूड होते एवढंच सांगतात. चार गुणिले दीड करून बघा."

"सहा," साहेब पुटपुटले. "पण धक्क्याला मामाची बोट लागते तुझ्या. लोक बोलतील."

"मग दुसऱ्या कुणाला मोजू द्या."

साहेबांनी सहीच्या जागी 'फेरमोजणीपर्यंत धक्का चालू' असं लिहिलं आणि खात्यातल्या सर्वांत कटकट्या माणसाला खात्याच्या बोटीवर मोजायला धाडलं. ती जुनी वही उघडून बसली. अक्षर बारीक, नीटस. एकही आकडा खोडलेला नव्हता.