थोडं, बरंच, फार

मसाटच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात सरुबाई वाफाळत्या टाकीशेजारी कोसळली, तेव्हा भिंतीवरचा आकडा सदतीस अंशांवर होता. नियम अडतिसाचा. अडतीस झाले की भोंगा वाजायचा, काम थांबायचं. तेवढे झालेच नाहीत, म्हणून चौकशीचा निष्कर्ष निघाला : हवा ठीक होती.

यंत्रांची नियंत्रणं सांभाळणारी नाशिकची इंजिनियर शैलजा, तिचं डोकंच सणकलं. "म्हणजे अडतिसाला माणूस भाजतो आणि सदतिसाला गारठतो?"

ती कामाला बसली. यंत्रणेत तिनं फझी लॉजिक घातलं. हवा गरम आहे की नाही, हा प्रश्नच काढून टाकला. किती गरम, ते विचारायचं. शून्य आणि एक यांच्या मधलं कुठलंही उत्तर चालेल. दमटपणाचंही तसंच. बऱ्यापैकी गरम आणि बरंच दमट असेल, तर पंखे वाढवायचे. दमटपणा फारच चढला, तर काम थांबवायचं.

सोमवारी दुपारी दमटपणा इतका चढला, की पस्तिसावरच अख्खा विभाग थांबला. व्यवस्थापक राजेंद्र सर तणतणत खाली आले.

"पस्तीस, शैलजा! काढ ते. जुनं चालू कर."

"सर, जरा टाकीपाशी उभे राहता?"

ते चिडूनच उभे राहिले. चष्म्यावर वाफ धरली, कॉलर भिजली.

"उकडतंय?"

"थोडंसं."

"जुन्या यंत्रणेच्या हिशेबी तुम्हाला उकडतच नाहीये. 'थोडंसं' तिला कळतच नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा पारा चढला. "मला शिकवू नकोस. आज काढलं नाहीस, तर या विभागात पुन्हा दिसायचं नाही."

"मी नाही काढणार. काढायचं तर तुम्ही काढा. पण उद्या परत कुणी पडलं, तर हवा ठीक होती असं मी कुणालाही म्हणू देणार नाही."

सरुबाई शनिवारीच कामावर परतली होती. ती पुढे आली. "साहेब, तुम्ही काढा नाहीतर ठेवा. कितलं उकडस ते आमले समजस. फार झालं की आम्ही बसूच." आणि तिथंच फरशीवर तिनं बसकण मारली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या बाया बसल्या.

सर जिना चढून गेले.

शिक्षा व्हायची ती झालीच. शैलजाची बदली कंपनीच्या गलोंड्याच्या गोदामात झाली. मसाटची यंत्रणा मात्र तशीच राहिली. तिला हात लावला की बाया बसणार, हे सरांना पुरतं कळलं होतं.

गलोंड्याला पत्र्याचं छप्पर, वारा शून्य. तिथल्या सुपरवायझरनं हसून विचारलं, "मॅडम, इथे काय करणार तुम्ही? इथे तर यंत्रबिंत्र काहीच नाही."

"दिसतंय," शैलजा म्हणाली. तिनं बाह्या वर सारल्या, एक खोकं ओढून त्यावर लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "इथे सगळ्यात जास्त कुठे तापतं? चला, दाखवा."