दोन गोदामांमधली पट्टी

थांबा, तिथूनच बोला. आत आलात तर वळायला जागा मिळणार नाही. मी शेताची एक पट्टी बोलतेय. लांबीला म्हणाल तर पलीकडच्याला हाक मारावी लागेल एवढी, रुंदीला जेमतेम दोन खाटांएवढी. दोन्ही अंगांना गोदामाच्या भिंती आणि मध्ये मी.

जन्मापासून मी अशी नव्हते. एका ऐसपैस शेताचा मी भाग होते आणि त्याचे मालक एकच होते, माझ्या आताच्या मालकिणीचे आजोबा. ते गेल्यावर मुलांनी शेत वाटून घ्यायचं ठरवलं. भांडण वगैरे नाही हं, उलट सगळे एकमेकांवर जीव टाकणारे. थोरला म्हणाला, "आडवं कापलं तर पाटाचं पाणी एकट्यालाच मिळेल. उभं कापू, कुणावर अन्याय नको." कापलं उभं. नातवंडांनीही तेच शहाणपण केलं. दर वेळी सगळ्यांना पाणी मिळालं, सगळ्यांना रस्ता मिळाला, रुंदी तेवढी माझी गेली.

तरी बरं चाललं होतं. ट्रॅक्टर माझ्यात वळत नसे, पण शेजारच्या पट्टीत जाऊन वळून येई. कुणी हूं की चूं करत नसे. मग मालकिणीच्या चुलतभावानं माझ्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या विकत घेतल्या आणि गोदामं बांधली. तेव्हापासून ट्रॅक्टर बंद. ऊन दुपारी येतं आणि घाईतल्या पाहुण्यासारखं टेकल्या न टेकल्यासारखं करून जातं. श्वास कोंडतो हो माझा.

मालकीण शिवणकाम करते. सवड काढून येते, कुदळीनं खणते, भाजी लावते. मध्यंतरी सरकारी मोजणीवाली बाई आली आणि रस्त्यावरूनच म्हणाली, "पडीक का पिकाची?"

"पिकाची!" मालकीण ठणकावून म्हणाली.

"मग शेतजमिनीत धरली. काळजी करू नका, आपल्याकडे माणशी शेतजमीन अजून बरी आहे."

"माणशी म्हणजे कशी?"

"सगळी जमीन भागिले सगळी माणसं."

"भागून भागूनच तर ही अशी झाली, बाई," मालकीण म्हणाली. मोजणीवाली हसली आणि पुढच्या शेताकडे गेली.

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ आला. "ताई, हा बोळ ठेवून करणार काय तू? मला दे. वरून पत्रा टाकतो, दोन्ही गोदामं एक होतील."

पत्रा! म्हणजे होतं नव्हतं ते आभाळही गेलं.

"मुलांना विचारून सांगते," मालकीण म्हणाली.

आज मुलं आली. मुलगी मोठी, मुलगा धाकटा, दोघंही नोकरीवाली. आल्या आल्या एका सुरात म्हणाली, "विकायची नाही!" मला काय करू नि काय नको असं झालं. मनातल्या मनात मी पेरणीलासुद्धा लागले.

मग मुलगा म्हणाला, "पण ताई, आत्ताच वाटून ठेवू या. पुढे आपल्यात कटकट नको."

"ठेवू की. पण उभी हं! पाणी तुलाही मिळालं पाहिजे." आणि तिनं टाचेनं पाटापासून रस्त्यापर्यंत सरळ रेघ ओढली, माझ्या मधोमध.

रेघेच्या अलीकडे एक खाट, पलीकडे एक खाट. एवढ्यात कुदळ उगारायची म्हटली तरी कोपर भिंतीला लागेल. चुलतभावानं गोदामाच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. त्याला आता घाई उरलेली नाही.

दोघं भावंडं खुंट्या आणायला गेलीत. मालकीण कुदळ धरून एकटीच उभी आहे आणि रेघेकडे बघतेय.

बाई, तू खणताना माझ्याशी बोलतेस, आज माझं ऐक. ही रेघ अजून नुसती मातीत आहे, पायानं पुसली तर पुसेल. माझ्यात पिकेल ते दोघांना निम्मं निम्मं दे, पण मला नको वाटू. पाय उचल ना गं, ती दोघं आलीच बघ खुंट्या घेऊन.