टेकूखालची सुपारी

कडूबा मिस्त्रीच्या नातीला, सोनियाला, जुळं झालं ते दोन हजार चोवीस साल. एक पोरगा, एक पोरगी. एकानं रडं थांबवलं की दुसरं सुरू करायचं, त्यामुळं चिकलठाण्याची ती गल्ली बारा दिवस झोपलीच नाही. बाराव्या दिवशी बारसं धरलं, आणि नेमका त्याच दिवशी स्लॅब आला.

"आवं, एक दिस ढकला की पुढं," कडूबाची बायको मनकर्णाबाई म्हणाली.

"काँक्रीटच्या गाड्या सांगून ठेवल्यात. पाचाला घरात असतो. लेकरांच्या बापालाही संगं आणतो."

"धडधाकट आणा."

ती हे उगाच म्हणाली नव्हती. तिचा भाऊ सांडू एक्क्याण्णव साली स्लॅबखाली गेला. टेकू सरकला आणि ओलं काँक्रीट अंगावर आलं. कडूबा तेव्हा त्याच कामावर होता. तेराव्याला त्यानं बायकोला शब्द दिला, की मी उभ्या केलेल्या सेंटरिंगखाली माणूस मरणार नाही. तेहेतीस वर्षं तो शब्द पाळला होता. आज स्लॅबखाली थांबून टेकूंवर नजर ठेवायची पाळी माऊलीची होती. माऊली म्हणजे सोनियाचा नवरा, त्या दोन रडक्यांचा बाप.

काम जालना रोडला, विमानतळाच्या मागच्या अंगाला होतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब, खाली टेकू म्हणून एकशे बारा लोखंडी जॅक. त्यांची तपासणी मृण्मयी नावाची पोरगी करायची. औरंगपुऱ्यातली, सत्तावीसची, डोक्यावर पांढरं हेल्मेट. इमारतीत जे कायमचं राहायचं नाही, टेकू, परांच्या, शिड्या, ते उभं असेपर्यंत कुणाच्या अंगावर येऊ नये, एवढ्यासाठीच कंपनीनं तिला ठेवलं होतं. जिन्याला तिचं लाल कार्ड टांगलेलं असायचं. तिनं ते फिरवून हिरवं केल्याशिवाय वर घमेलंभर माल पडत नसे.

सकाळी आठला ती खाली उतरली. हातात हातोडी आणि खडू. जॅकवर हातोडी मारायची, खणखणीत वाजला तर खडूनं रेघ ओढायची. रेघा झाल्या एकशे अकरा.

"मिस्त्रीकाका, कोपऱ्यातला राहिला."

"त्यो पूजेचा हाय, बाई. त्याला हातोडी लावत नसतो."

रीतच होती तशी. पहिला टेकू उभा केला की त्याची पूजा. हिरवा खण बांधायचा, हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्यानंतर स्लॅब पडेपर्यंत त्याला ना हातोडी लावायची, ना पाय.

बाहेर गाड्या येऊन घरघरत उभ्या होत्या. सुपरवायझर राजकुमार धावत आला. "मॅडम, एका टेकूसाठी अडून बसता काय? एकशे अकरा हायत की!"

"तो दोन तुळयांच्या सांध्याखाली आहे," मृण्मयी म्हणाली. "तुमच्या खुर्चीचे तीन पाय ठेवते. बसा बरं."

माऊली फिदकन हसला. राजकुमारनं त्याच्याकडं डोळे वटारले.

"हातोडी नाही लावत," ती कडूबाकडं वळली. "पण पायाशी काय काय मांडलंय, तेवढं तरी सांगा."

"काय असतंय? हळद, कुंकू, फुलं, तांदूळ. विड्याचं पान, सुपारी..."

"सुपारी कुठं?"

"कुठं म्हंजी? टेकूच्या पाया..."

कडूबाचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यभर त्यानं लाकडाच्या बल्ल्या उभ्या केल्या होत्या. बल्लीखाली भुई मऊ, सुपारी गपकन मातीत रुतायची, आणि वर बल्ली ठाण बसायची. इथं खाली टणक फळी, वर लोखंडी जॅकचा सपाट तळवा, आणि मधे अख्खी सुपारी. स्लॅबचं वजन आलं की ती फुटणार किंवा निसटणार. सांध्याचा जॅक एवढा सरकला की मग... त्याला सांडूच्या पायातली चप्पल आठवली. त्यानं माऊलीकडं पाहिलं.

"कार्ड लालच राहू द्या," तो हळूच म्हणाला. "चूक माझी हाय. पण बाई, पूजा मोडू कशी?"

"मोडायची कशाला? उत्तरपूजा करू. गणपती उठवतो की नाही आपण? आमचे आजोबा, अनंतराव, गल्लीतले सगळे गणपती उठवायचे. मला पाठ आहे."

तिनं हेल्मेट काढलं, टेकूवर अक्षता टाकल्या आणि आजोबांच्या चालीत दोन ओळी म्हटल्या. राजकुमारनंही हात जोडले, तिसरी गाडी आत घेता घेता.

"आता देव उठले. पण आधी शेजारी दुसरा जॅक आवळा, मग हा काढा."

माऊलीनं जॅक आणला, कडूबानं आवळला, ओळंबा लावला, हातोडी मारली. खण्‌कन वाजला. मग जुना सैल केला. फुलांच्या खाली, तळव्याच्या एका कडेला, सुपारी होती. तिला चीर गेलेली. जुना परत नीट बसवून तोही वाजवून पाहिला.

"वर काही नसताना चिरली," मृण्मयी म्हणाली.

"मिस्त्री, अडकित्ता द्या, खाऊन टाकू!" राजकुमार म्हणाला.

"बारशाला नेतो. पंचांना वाटतो. तुला नाय."

खण सोडून भिंतीला टेकवलेल्या एका रिकाम्या जॅकला बांधला, झेंडूही तिथंच. "ह्याच्यावर वजन नाय," कडूबा म्हणाला, "देवाला बी निवांत." तेव्हापासून त्याच्या सगळ्या कामांवर पूजेचा जॅक वेगळाच असायचा. एकशे बारावी रेघ त्यानं स्वतः ओढली. वहीत सही केली, नेहमीसारखी सावकाश, अक्षर सुटू नये म्हणून जीभ दातांत धरून. कार्ड हिरवं झालं.

स्लॅब साडेचारला संपला. खालून माऊली बाहेर आला, डोक्यावर सिमेंटच्या पाण्याचे थेंब, आणि त्यानं विचारलं, "आजोबा, पोरांची नावं काय ठरली?"

"तू बाप, तुलाच ठाव नाय व्हय?"

मोटरसायकलवर दोघं पावणेसहाला पोचले. दारात मनकर्णाबाईनं माऊलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग कडूबाला म्हणाली, "पाच म्हणाला व्हता."

कडूबा मिस्त्री दोन हजार पंचवीस साली, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी, चिकलठाण्यातल्या घरी खाटेवर झोपेत वारला. सांडू एक्क्याण्णव साली वारला. मधल्या चौतीस वर्षांत कडूबाच्या टेकूंखाली कुणीही मेलं नाही.