कादंबरीतली बहीण

"हात सैल सोडा बाई," नर्स म्हणाली. पण खुब्याचं हाड मोडून पडलेल्या त्या निवृत्त शिक्षिकेचं सगळं लक्ष वॉर्डातल्या टीव्हीकडे होतं. वाचकांचं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं, यावर देशभर मतदान झालं होतं, त्याचा निकाल लागत होता. पहिला क्रमांक जाहीर झाला तशी बाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधलेल्या हातानेच उशीवर थाप मारली.

"घरातल्या सगळ्यांना मत द्यायला लावलं होतं मी. वाचलंय का तुम्ही?"

"हो."

"आई त्या मुलाच्या मांडीवर प्राण सोडते ना, तिथे मला पुढचं दिसेना. आणि ती बहीण बघा. सगळं खरं घडलेलं आहे म्हणे. दोन गल्ल्या सोडून राहायची, पण कधी फिरकली नाही. असल्या बाईला काय म्हणावं?"

नर्सने पट्टा सोडला. ती कादंबरी तिच्या थोरल्या भावाने लिहिलेली होती. आई अंथरुणाला खिळली ती हिच्याच घरी. हिने ठरलेलं लग्न पुढे ढकललं, मग ते मोडलंच. ड्यूटीवरून आल्या आल्या ती आईचं हगणंमुतणं काढायला लागायची. दादा परगावी नोकरीला; येतो येतो म्हणत आला तो आई गेल्यावर. पुस्तक निघालं तेव्हा तिला घास गिळवत नव्हता. पण कोण वाचतंय एवढं, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

दुपारी दादा स्वतःच हॉस्पिटलात आला. वॉर्डाच्या दारातच दोघं बोलत उभी राहिली.

"चॅनेलवाल्यांना तूही हवी आहेस," तो म्हणाला. "जास्त काही बोलू नकोस. आईकडे यायला हवं होतं, चुकलं माझं, एवढंच म्हण. मग मी तुला जवळ घेतो. लोकांना बरं वाटेल."

"ही खरी गोष्ट आहे असं सांगितलंस तू त्यांना?"

"सगळे तेच विचारतात गं. नाही म्हणालो असतो तर पुस्तकातला जीवच गेला असता."

"आणि माझं काय?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात? तुला ओळखतं कोण?"

"दादा, तू तेव्हा कुठे होतास, आठवतं तरी का?"

तो हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मला आता तसंच आठवतं. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, असंच."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं. भांडायचं बळच गेलं. "मी येणार नाही. जा तू," एवढंच ती म्हणाली.

आत आली तर बाई मान उंचावून दाराकडे बघत होत्या. "अहो, ते लेखकच ना? तुमचे कोण?"

ओळखीचे आहेत, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"सख्खा भाऊ. मी त्याची एकुलती एक बहीण."

बाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक विरलं. खरं काय ते सांगावं असं नर्सच्या अगदी ओठांवर आलं. पण कादंबरीतली बहीणही शेवटी सबबीच सांगत बसते.

थोड्या वेळाने बाईंनी आयाला हाक मारली. "दुसऱ्या सिस्टर नाहीत का गं? चादर ओली झालीय माझी."

दुसरी कोणी नव्हती. नर्सच धुतलेली चादर घेऊन आली. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने त्यांच्या पाठीखाली हात घातला, दुखऱ्या बाजूला धक्का लागू न देता त्यांना कुशीवर वळवलं, आणि ओली चादर अलगद ओढून काढली.