फटीतली चिठ्ठी

मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला पुढारी आठवत असतील. पण माझ्यासाठी आजवर कुणी भांडलेलं नाही. उलट माझ्यावर बसायची पाळी आली, की चांगली शिकलीसवरलेली माणसं मागच्या रांगेत सरकतात आणि वहीत डोकं घालतात. असं का, ते सांगते.

काष्टीच्या पुंजाराम सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. बैठकीच्या दोन फळ्या जोडताना मधे बारीकशी फट राहिली. गिऱ्हाइकाने ती दाखवल्यावर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लाकडालाबी श्वास लागतो." त्या फटीची मला फार वर्षं लाज वाटायची. चिमटा बसला म्हणून लोकांनी मला शिव्या दिल्या, एका मास्तरांचं नवं धोतर फाटलं. आधी एका शाळेत, मग एका दवाखान्यात, असं करत करत मी नगरला एका संस्थेच्या सभागृहात येऊन पोचले. आता शहराचं नाव बदललं, पण इथे चहा करणारी भामाबाई अजून नगरच म्हणते, म्हणून मीही.

ही संस्था माणसांना माणसांचं ऐकायला शिकवते. वाचताना सोपं वाटतं ना? बसून बघा. इथे समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुली येतात, गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई येतात, शिक्षक, पोलीसपाटील येतात. गावात कुणाचं मन दुखत असेल तर ते ओळखायचं कसं, विचारायचं कसं, डॉक्टरांपर्यंत न्यायचं कसं, हे शिकवतात इंदूताई. करड्या केसांच्या, चष्मा नेहमी डोक्यावर आणि शोध नेहमी टेबलावर.

त्यांची शिकवायची रीत अशी. मला मधोमध ठेवायचं. एका डब्यात चिठ्ठ्या असतात. आधीच कुणी वाचू नये म्हणून प्रत्येक चिठ्ठीला घडी घालून पिन मारलेली. ज्याची पाळी, त्याने चिठ्ठी उचलायची, पिन काढून मनात वाचायची आणि माझ्यावर बसून चिठ्ठीतलं दुखणेकरी माणूस व्हायचं. समोरच्याने त्याच्याशी बोलायचं. आणि उठताना एक नियम. माझ्या पाठीवर दोनदा थाप मारायची आणि तीन गोष्टी सांगायच्या : आपलं खरं नाव, आपलं गाव आणि सकाळी काय खाल्लं ते.

"दुसऱ्याचं दुःख अंगावर घेतलं की ते तिथेच उतरवून घरी जायचं," इंदूताई म्हणायच्या. "थाप म्हणजे सदरा झटकणं."

शिकायला आलेले सूर्यभान मास्तर उठले तेव्हा म्हणाले होते, "मी सूर्यभान, काष्टीचा. सकाळी दोन वडापाव. आमच्या घरी कळवू नका, शुगर आहे."

बारा वर्षं मी अशा थापा खाल्ल्या. माझं कौतुकही फार झालं. "या खुर्चीवर बसलं की माणूस खरं बोलतो," असं लोक म्हणायचे आणि मी मनात फुगायचे. पुढे निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, हलक्या, एकीवर एक चढणाऱ्या. मला पाच दिवसांच्या शिबिरात एकदा, या नाटकापुरतं बाहेर काढायचे. एरवी मी जिन्याखाली, भामाबाईच्या बादलीशेजारी. भामाबाई म्हणजे इथला चहा, इथला केर आणि इथला दरारा. तिला संस्थेने कधी काही शिकवलं नाही. पण दारापाशी कपबशा पुसत तिने बारा वर्षांचं सगळं शिक्षण ऐकलं आहे.

आता जयमालाचं सांगते. तिनेच सांगायला सांगितलं आहे, नाहीतर मी नाव घेतलं नसतं.

जयमाला पुणतांब्याची आशाताई. कामाला चोख. बाळंतिणींची विचारपूस करताना आठवणीने झोपेचं विचारणारी, दुसऱ्यांचे फॉर्म पहाटेपर्यंत पूर्ण करणारी. शिबिराचे चार दिवस ती पहिल्या रांगेत बसून लिहीत होती. पाचव्या, शेवटच्या दिवशी जेवणाच्या तोंडावर तिची पाळी आली. तिने चिठ्ठी उचलली आणि येऊन बसली.

बसता बसता तिने माझी बैठक दोन्ही हातांनी खालून धरली. मित्रांनो, माणूस कसं बसतं त्यावरून मला पुष्कळ कळतं. नाटक करणारे आधी ऐसपैस बसतात आणि मग खांदे पाडतात. ही बैठकीच्या कडेला टेकली, जणू कुणीतरी आत्ता 'ऊठ' म्हणेल.

समोर सूर्यभान मास्तर होते. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतो तुम्हाला?"

"पोळ्या लाटताना रडू येतं," ती म्हणाली. "पोळपाटावर पडतं. मग मी वरून पीठ भुरभुरते. घरातले म्हनत्यात, आज पोळ्या खारट झाल्या."

सभागृह हसलं. हसण्यासारखं होतंच ते.

"आणखी?"

"आणखी काय. समद्या गावाचं ऐकते. माझं तोंड उघडत न्हाई. मी नसले तर चार दिवस पोळ्यांची अडचन होईल. पाचव्या दिवशी कुनीतरी शिकंल."

आणि टाळ्या सुरू झाल्या. इतक्या टाळ्या या सभागृहात कधी झाल्या नव्हत्या. मास्तर उभे राहिले, "बाई, तुम्ही नाटकात जायला पाहिजे होतं!" इंदूताईंनी डोळे पुसले, चष्मा शोधला. स्वयंपाकघरातून हाक आली, पिठलं निवतंय. सगळे हसत, बोलत जेवायला गेले. जयमालाही उठली.

तिने थाप मारली नाही. नाव सांगितलं नाही.

मला ते कळलं, आणि मी काय केलं? टाळ्यांनी फुगले. कुणी खरं बोललं म्हणून त्याचं कौतुक व्हायचं आणि ते मी स्वतःचं धरायचे, अशी माझी खोड. दुपारी उत्तम अभिनयाबद्दल जयमालाला सगळ्यांसमोर पेन मिळालं. ती हसली, फोटो निघाला, आणि पाच वाजता पिशव्या उचलून सगळे गेले.

भामाबाई मला पुसायला आली. फडकं फटीवरून फिरलं आणि अडलं. तिने नखाने ओढून काढलं. चिठ्ठी होती. घडी तशीच. पिन तशीच.

भामाबाई खाली बसली. मग ओरडली, "ताई! ओ ताई, हितं या आधी!"

इंदूताई पर्स खांद्याला लावूनच आल्या.

"ती पुणतांब्याची उठली, तवा नाव सांगितलं व्हतं का तिनं?"

"जेवणाची घाई झाली गं भामाबाई."

"ही तिचीच चिठ्ठी. आज खुर्चीवर शेवटाला तीच बसली. पिन बगा."

इंदूताईंनी पिन काढली. आत त्यांच्याच अक्षरात होतं : वय पंचेचाळीस, पुरुष, सुप्याच्या कारखान्यातलं काम सुटलं आहे.

"कामावरनं काढल्याला बाप्या," भामाबाई म्हणाली, "पोळ्या लाटत रडतो व्हय ताई?"

इंदूताई माझ्यावर बसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा तिकडून बसस्टँडचा गोंगाट ऐकू आला.

"जयमाला, मी इंदू. तू... पोचलीस का? नाही, म्हणजे... जेवण आवडलं ना?"

बघा मित्रांनो. हजार माणसांना जे विचारायला शिकवलं, ते स्वतःच्या जिभेवर येईना. भामाबाईने सरळ फोन ओढून घेतला.

"पोरी, भामाबाई बोलते. कुठं हायेस?"

"स्टँडवर."

"तुजी श्रीरामपूरची गाडी न्हाई आली?"

"दोन आल्या. सोडल्या. चढावंसंच वाटंना, मावशी."

"बरं केलंस. तितंच बस. शेजारी कोन हाय? फोन दे तिला." मग कुणा अनोळखी बाईला, "बाई, आमी येस्तोवर या पोरीला उठू देऊ नका. च्या पाजा."

फोन परत जयमालाकडे आला तेव्हा इंदूताई तो हातात घेऊन ताठ बसल्या.

"जयमाला, तू चिठ्ठी उघडली नव्हतीस. ते तुझंच होतं. मी टाळ्या वाजवल्या, माझं चुकलं. आता सरळ विचारते. जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?"

"व्हय मॅडम." मग अगदी बारीक आवाजात, "कुनी इचारलंच न्हाई."

"विचारलं ना आता. फोन ठेवू नकोस. आम्ही बोलत बोलत येतोय."

दोघी धावल्या. दिवे तसेच, दार उघडं. मला चार पाय आहेत, पण मी जागच्या जागी. हात असते तर दुपारीच तिला धरून ठेवलं असतं, असं मनात येत राहिलं. मग हेही आलं, की त्या खोलीत दुपारी चाळीसजणांना हात होते, आणि ते सगळे टाळ्या वाजवत होते.

दोन दिवस सभागृहाला कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी भामाबाई आली आणि बादली भरता भरता माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोर जिती हाय. दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्यात. नवरा आलाय, कोपऱ्यात बसून रडतोय. रडू दे, त्यालाबी पोळ्या शिकायच्यात."

त्यानंतर इंदूताईंनी रीत बदलली. आता चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडून मोठ्याने वाचतात. जेवण निवलं तरी चालेल, पण थाप मारल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. टाळ्या बंद. टाळ्यांच्या जागी समोरच्याने विचारायचं, "यातलं तुमचं काही आहे का?" दारापाशी आता भामाबाईला निळी खुर्ची असते, आणि शेवटचं मत तिचं.

चार महिन्यांनी जयमाला आली. कुठलं शिबिर नव्हतं. वाळली होती, गोळ्यांनी हात जरा कापत होते. तिने मला स्वतः जिन्याखालून ओढून काढलं आणि बसली. या वेळी पाठ टेकून. नुसतीच बसली. मग उठली, माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली.

"मी जयमाला. पुणतांब्याची. सकाळी चहा-बटर खाल्लं. आज बरी हाय." मग म्हणाली, "काल नव्हते."

उद्याचं तिने काही सांगितलं नाही. मीही सांगत नाही.

ती चिठ्ठी इंदूताईंनी परत माझ्या फटीतच ठेवली आहे. आता मला फटीची लाज वाटत नाही. मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात कुणी हसत हसत काही बोलून जाईल, आणि सगळे हसतील. तेव्हा नीट बघा. कुणी आपलं नाव न सांगता उठून गेलं, तर त्याच्या मागे जा आणि मोठ्यांना हाक मारा. मला पाय चार असून जाता आलं नाही. तुम्हाला दोनच आहेत, पण तेवढे पुरतात.