कोठीत लपवलेला गडवा

मित्रांनो, मी एक जुना पितळी गडवा आहे. पोट मोठं, मान आखूड आणि कुशीला एक खोल पोचा. तो पोचा मला कसा पडला, तेच सांगायला बसलो आहे.

भंडाऱ्याच्या एका कासारानं मला घडवलं. रुख्माबाईंच्या आंदणात मी चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या एका गावी, केवलरामांच्या घरी आलो. आमच्याकडची रीत अशी की दारात माणूस आला की आधी पाण्याचा गडवा, मग बाकीच्या गोष्टी. पाणी न देणारा माणुसकी विसरला आणि न पिणारा रुसला, असं समजायचं. हे काम केवलराम कोणावर सोडत नसत. धानाच्या बांधीतून, म्हणजे शेतातून, येऊन हातपाय धुतले की स्वतः मला भरून ओसरीवर आणत. "पे गा, पोटभर पे," असा शेजारच्या उदारामला आग्रह करत आणि तो बिचारा तहान नसतानाही पीत असे. खोटं कशाला बोलू, त्या घरात माझा मोठा थाट होता आणि मला त्याचा गर्वही होता.

मग केवलरामांची मूत्रपिंडं निकामी झाली. आता दर दोन-तीन दिवसांनी एसटीनं गोंदियाला जायचं, डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचं आणि थकून परत यायचं. डॉक्टरांनी बजावलं की पाणी अगदी थोडंच प्या, कारण प्यालेलं पाणी आता अंगातच साठणार.

रुख्माबाईंचा जीव तुटला. तहानेल्या माणसासमोर आपण पाणी कसं प्यायचं? त्यांनी मला उचललं आणि धानाच्या कोठीत लपवलं. घरची माणसं परसात जाऊन चोरून पाणी पिऊ लागली. आल्यागेल्यालाही कोणी पाणी विचारेना. उदाराम एकदा-दोनदा कोरडाच गेला, मग येईनासा झाला. केवलरामही कोणाच्या ओसरीवर जाईनात, कारण समोर आलेलं पाणी परत कसं करायचं? हे सगळं मायेपोटी चाललं होतं, मित्रांनो. पण कोठीतल्या अंधारात मला केवलरामांचं बोलणं रोज कमी कमी ऐकू येऊ लागलं.

एके सकाळी ते म्हणाले, "मी आता गोंदियाले जात नाही."

"असं काऊन बोलता जी?" रुख्माबाई घाबरल्या.

"घरात सुतक असल्यावानी करून राहिले तुमी. मेलोच समजता, त मरू द्या."

एसटी निघून गेली. रुख्माबाई परसात तोंडाला पदर लावून रडत बसल्या. तेवढ्यात कोठीचं झाकण उघडलं. मी कुठे आहे, हे केवलरामांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी मला माठातून भरलं आणि घटाघटा प्याले. पुन्हा भरलं, पुन्हा प्याले. आजवर मी कितीतरी जणांची तहान भागवली, पण त्या दिवशी मला माझ्याच पाण्याची भीती वाटली. गडव्याला स्वतःचं तोंड मिटता येत नाही हो.

दुपारनंतर त्यांना श्वास घेता येईना. ओसरीवरून ते खाली कोसळले आणि त्यांच्या हातातला मी पायरीच्या दगडावर आपटलो. हाच तो पोचा. रुख्माबाईंच्या हाकेसरशी उदाराम धावत आला. त्यानं आणि रुख्माबाईंनी ऑटोत घालून त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. त्यांची मूठ सुटेना, म्हणून मीही सोबत गेलो.

"बाबा, इतना पानी क्यूँ पिया?" सिस्टरनं विचारलं. केवलरामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मशीननं अंगातलं पाणी काढलं, श्वास परत आला. शेजारच्या खाटेवर सुलोचनाबाई होत्या, कित्येक वर्षांपासून त्याच मशीनवर जगणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, खरं सांग. तहान लागली होती, का सोताच्याच जिवावर उठला होता?"

केवलराम लहान मुलासारखे रडू लागले. "तहान त हायच वो बाई. पर घरचे माह्यापासून पानी लपवतात. माह्या दारातून मानूस कोरडा जाते. मंग मी कायले जगू?"

उशाशी उभ्या रुख्माबाई त्यांच्याजवळ खाटेवर येऊन बसल्या.

सुलोचनाबाईंनी खोटा धीर दिला नाही. "हे तहान जात नाही, भाऊ. मलेबी रडू येते. पर तुले पेता येत नाही, त तू दुसऱ्याले पाज. अन् बाई, तुमी त्याच्या समोरच पेत जा. तो रडला त रडू द्या, पर त्याच्या संग बसा."

घरी परतल्यावर उदाराम भेटायला आला. केवलरामांनी मला भरून आणलं. उदारामनं रुख्माबाईंकडे पाहिलं. त्याचा हात पुढे होईना.

"घे ना गा," केवलराम म्हणाले. "तू नाही पेला, त मी मेलोच समज."

उदाराम प्यायला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. केवलराम त्याच्या हलणाऱ्या गळ्याकडे टक लावून बघत होते. ते बघणं माझ्यानं बघवत नव्हतं.

"गोड हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय."

मग माझ्या तळाशी उरलेल्या थेंबांत त्यांनी बोट बुडवलं आणि कोरड्या ओठांवरून फिरवलं.

मित्रांनो, ते बरे होणार नाहीत, हे मलाही कळतं. तहान रोज जाळते. एखाद्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करूनच पडून असतात. तरी उद्याच्या बसनं ते गोंदियाला जाणार आहेत. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याला एकटं पाडू नका. त्याच्या दारात जा, त्याच्याजवळ बसा आणि तहान नसली तरी पाणी मागा.